सांगलीच्या गच्चीवर विमानांचा डोंगल : पैसे नक्की कुठं घालायचे

डोक्यावरून विमान गेलं की मान वर करून "कुठलं असंल रे हे?" विचारणाऱ्या मंडळींसाठी बाजारात दोन डोंगल ठरलेले आहेत. एक 'आरटीएल-एसडीआर ब्लॉग व्ही३' आणि दुसरा फ्लाइटअवेअरचा निळा 'प्रो स्टिक प्लस'. दोन्ही दिसायला जाडसर पेनड्राइव्ह. दोघांचं कामही एकच. विमानाचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे आतलं संदेश पाठवणारं यंत्र, १०९० मेगाहर्ट्‌झवर आपली ओळख, उंची, वेग आणि जागा सेकंदाला दोनदा सांगत असतो, ती ऐकायची आणि संगणकाच्या हवाली करायची. नेट नसलं तरी चालतं. मोबाइलवरच्या ॲपसारखं दुसऱ्याच्या गच्चीवरून आलेलं विमान आपल्या पडद्यावर बघायचं नसतं, आपल्याच गच्चीवर पकडायचं असतं. सगळा नाद त्यातच आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. सांगली, मिरज, कुपवाडच्या दाट वस्तीत निळा घ्या. मळ्यात घर असेल आणि मोबाइलचा टॉवर लांब असेल तर व्ही३ पुरे. पण दोन्ही बाबतींत डोंगल हा या खेळातला सोपा भाग आहे. रेंज जाते ती वायरीत आणि उंचीत, आणि लोक नेमकी तिथंच काटकसर करतात.

मुळात हे डोंगल टीव्ही बघण्यासाठी निघाले. आत आरटीएल २८३२यू नावाची चिप असते. २०१२ च्या सुमारास अंट्टी पालोसारी या फिनलंडच्या विद्यार्थ्यासह काही जणांच्या लक्षात आलं, की ही चिप हवेतला कच्चा सिग्नल जसाच्या तसा संगणकाला देऊ शकते. त्याच वर्षी साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी 'डम्प१०९०' हे विमानांचे संदेश उलगडणारं सॉफ्टवेअर लिहिलं आणि टीव्हीच्या डोंगलवर विमानं उतरायला लागली. आज जे 'रीड-एसबी' वगैरे वापरतात ते याच घराण्यातलं.

व्ही३ मध्ये आर८२०टी२ जातीचा ट्यूनर आहे आणि १ पीपीएमचा टीसीएक्सओ, म्हणजे तापल्यावरही फ्रिक्वेन्सी न सरकणारं घड्याळ. ॲल्युमिनियमचं कव्हर उष्णता बाहेर टाकतं, त्यामुळे हाताला चटका बसला तरी घाबरायचं कारण नाही. हा सर्वभक्षी रेडिओ आहे. एफएमपासून १७६६ मेगाहर्ट्‌झपर्यंत सगळं घेतो, म्हणूनच नको तेही घेतो. ९३५ ते ९६० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात मोबाइलचे टॉवर बोलत असतात. समोरच्या बिल्डिंगवर टॉवर असला तर त्याच्या आरडाओरड्यात २०० किलोमीटरवरच्या विमानाची कुजबुज बुडते. निळ्या स्टिकमध्ये १०९० चा फिल्टर (बाकीच्या फ्रिक्वेन्सी अडवणारी चाळण) आणि ॲम्प्लिफायर आतच बसवलेले आहेत, त्यामुळे शहरात तो जिंकतो. व्ही३ आधीच घेऊन बसला असाल तर १०९० चा वेगळा फिल्टर जोडा, फरक त्याच संध्याकाळी दिसेल. नवीन व्ही४ घेणार असाल तर ध्यानात ठेवा, त्याचा ट्यूनर वेगळा आहे. जुना ड्रायव्हर त्याला ओळखत नाही, आणि लोक डोंगललाच नावं ठेवतात.

व्ही३ च्या किटमध्ये दांड्यांचा डायपोल अँटेना येतो. त्यातली छोटी जोडी घ्यायची, पूर्ण मिटवायची, म्हणजे प्रत्येक दांडी ५ सेंटिमीटर. बुडातला धातू धरून ती जवळपास ७ होते, आणि १०९० ला पाव तरंगलांबी लागते ६९ मिलिमीटर. बरोबर बसतं. दांड्या उभ्या ठेवायच्या, एक वर एक खाली. टीव्हीच्या जुन्या अँटेनासारख्या आडव्या ठेवल्या की निम्मी विमानं गेलीच समजा, कारण हा सिग्नल उभ्या ध्रुवणाचा असतो, म्हणजे त्याच्या लहरी उभ्या डोलतात.

किटमधली ३ मीटरची बारीक काळी वायर मात्र डब्यातच राहू द्या. ती आरजी१७४ जातीची. या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे साधारण १ डेसिबल खाते, म्हणजे ३ मीटरमध्ये निम्मा सिग्नल वायरीतच संपला. खिडकीत ठेवून चाचणी घ्यायला ठीक, गच्चीवरून खाली आणायला नाही. त्यापेक्षा डिश टीव्हीची आरजी६ वायर घ्या. हिला मीटरमागे पाव डेसिबलच्या आतबाहेर तोटा. कुणी म्हणेल, ती ७५ ओहमची आणि डोंगल ५० ओहमचा. असू दे. त्या न जुळण्याने जातो तो तोटा किरकोळ. शिवाय छत्रीतून खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झमध्येच असतो, म्हणजे १०९० ही त्या वायरीच्या रोजच्या वाटेवरची फ्रिक्वेन्सी. एफ कनेक्टर डिश बसवणाऱ्याकडून दाबून घ्या. पिळून बसवायचे कनेक्टर दोन पावसाळ्यांत सैल होतात, आणि आत पाणी शिरलं की तांब्याची जाळी हिरवी पडते. टोकाला डोंगलच्या एसएमए तोंडात बसणारा एफ ते एसएमए अडॅप्टर. वायर घरात शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्या, पाणी तिथूनच ठिबकून जातं. हा वळसा न दिल्यामुळे गेलेले डोंगल पुष्कळ आहेत.

अँटेना घरीही बनतो, आणि किटमधल्यापेक्षा बरा बनतो. चौकोनी बैठकीचा एसओ-२३९ सॉकेट घ्या, ज्याच्या चार कोपऱ्यांना भोकं असतात. घराच्या वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार सोलून ६९ मिलिमीटरचे पाच तुकडे करा, मधला पिनेत जाईल तेवढा जास्त. एक मधल्या पिनेत उभा डाखायचा, चार कोपऱ्यांना लावून ४५ अंशांत खाली वाकवायचे. मोजताना चूक होते ती इथं: माप सॉकेटच्या वरून घ्यायचं, पिनेत गेलेला भाग धरायचा नाही. मग वरून पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा तुकडा टोपीसारखा चढवा, वरचं तोंड बंद, खालचं उघडं. खालचंही सीलबंद केलं की दमट हवा आत अडकते आणि पहाटे पाणी साचतं.

आता उंची. ३५,००० फुटांवरचं विमान आणि जमिनीपासून १० मीटरवरचा अँटेना यांच्यात रेडिओचं क्षितिज सुमारे ४३५ किलोमीटरवर येतं. १०,००० फुटांवरच्या विमानासाठी तेच २४० किलोमीटरच्या आसपास. हा कागदावरचा हिशेब. झाडं, इमारती, वायर वजा करून २५० ते ३५० मिळालं तर अँटेना चांगला बसलाय समजा. या बाबतीत कृष्णाकाठची सपाटी म्हणजे लॉटरीच. साताऱ्याच्या मंडळींचं तसं नाही. शहराच्या पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर उभा आहे. डोंगराचा माथा क्षितिजापासून ५ अंश जरी वर आला, तरी ३५,००० फुटांवरचं विमान त्या दिशेला १००-११० किलोमीटरनंतर दिसेनासं होतं. तिथं महागडा डोंगल घेऊन काही होत नाही, डोंगर डोंगल बघत नाही. घेण्याआधी 'हेवॉट्सदॅट' या संकेतस्थळावर आपल्या गच्चीची जागा आणि उंची टाका. कुठल्या दिशेला किती दिसणार याची नक्षी फुकटात मिळते.

गच्चीवर अँटेना पाण्याच्या टाकीच्या बाजूला बांधायची सवय आहे, कारण तिथं पाइप आयता असतो. भरलेली टाकी हा सिग्नल अडवते आणि त्या दिशेच्या नकाशात फोड काढल्यासारखी जागा रिकामी राहते. टाकीच्या वर किमान हातभर न्या. सोलर हीटरचंही तेच.

सांगलीतून दिसतं काय? मुंबई ते बेंगळुरू नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती तासगावावरून जाते. त्यामुळे नकाशा रिकामा असा नसतोच. उंचीचा रकाना बघत बसा. दक्षिण-पूर्वेला जाणारी विमानं ३३, ३५, ३७ हजारांवर, मुंबईकडे परतणारी ३४, ३६ हजारांवर. विषम जाणार, सम येणार. ही येण्या-जाण्याची शिस्त आपल्या हायवेवर आली तर काय बहार होईल. मुंबईकडे उतरणारी विमानं मात्र मध्येच गायब होतात. अंतर ३०० किलोमीटरच्या पुढं आणि विमान १६-१७ हजार फुटांच्या खाली गेलं, की पृथ्वीची गोलाई आड येते. डोंगल बिघडलेला नसतो. हैदराबादकडची विमानं उंचावर असेपर्यंत कडेकडेला लागतात, बेंगळुरूच्या विमानतळाच्या परिसरातलं काही दिसायचं नाही.

कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ इथून हवाई अंतराने ३५-३६ किलोमीटर. म्हणून उतरणारं विमान बरंच खालीपर्यंत हाताला लागतं. तिथं एक गंमत बघा. धावपट्टीची उंची साधारण २,००० फूट, पण टेकायच्या बेतात असलेल्या विमानाचा आकडा पावसाळ्यात २,२०० च्या आसपास दिसू शकतो. ट्रान्सपॉन्डर उंची सांगतो ती १०१३.२५ हेक्टोपास्कल हा समुद्रसपाटीचा ठरीव दाब धरून. समुद्रसपाटीचा खरा दाब १००५ असला तर आकडा २०० फुटांनी फुगतो. विमान खरंच तेवढं उंच नसतं. कॉलसाइन, म्हणजे विमानाला हाक मारायचं नाव, एसडीजी ने सुरू झाला की ते स्टार एअरचं, म्हणजे आपल्याच अतिग्र्याच्या घोडावत समूहाचं विमान. आणि ट्रान्सपॉन्डरचा सहा अंकी पत्ता ८० ते ८३ ने सुरू झाला की विमानाची नोंदणी भारतातली.

सुखोई दिसेल म्हणून घेत असाल तर नका घेऊ. लोहगावची लढाऊ विमानं जागा सांगत फिरत नाहीत.

मुंबईहून दक्षिणेकडची ही वाट जुनीही आहे. १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल मुंबईला, जुहूला आणलं आणि पुढं नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. नकाशावर जुहू ते बेल्लारी पट्टी ठेवून बघा, रेघ कवठेमहांकाळच्या जवळून जाते. त्या वेळी गच्चीवर कुणी डोंगल लावला असता तरी ट्रान्सपॉन्डर नव्हता, हा भाग वेगळा.

जोडणीला रास्पबेरी पाय ३ किंवा ४ हा तळहाताएवढा संगणक घ्या. त्याच्या मेमरी कार्डावर फ्लाइटअवेअरची तयार 'पायअवेअर' प्रत चढवली की अर्ध्या तासात नकाशा सुरू. स्वतः लिनक्सवर बसवणार असाल तर टीव्हीचा ड्रायव्हर आधी ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे तो सुरूच होणार नाही. नाहीतर संगणक डोंगलला टीव्हीच समजून धरून ठेवतो आणि 'क्लेम इंटरफेस एरर -६' येतो. यात अडकलेले लोक डोंगल परत पाठवतात, बिचाऱ्याची काही चूक नसताना.

मग गेन, म्हणजे डोंगलने सिग्नल किती वाढवायचा तो आकडा. सगळे ४९.६ या कमाल आकड्यावर ठेवून मोकळे होतात. त्याने लांबची विमानं वाढतात, पण अगदी डोक्यावरचं विमान गायब होतं, कारण सिग्नल इतका जोरात येतो की डोंगलचे कान बंद होतात. आकडेवारीत उणे ३ डेसिबलपेक्षा जोरदार संदेश किती टक्के आहेत ते बघा. ५ टक्क्यांच्या वर गेले की गेन एकेक पायरी उतरवा: ४८, ४४.५, ४३.९ असं. प्रत्येक पायरीवर पूर्ण एक दिवस थांबा. पहाटेची आणि संध्याकाळची वर्दळ सारखी नसते, तासाभरात काढलेला निष्कर्ष फसवा निघतो.

पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा चार्जर लागतो. मोबाइलचा पडलेला चार्जर लावला की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेल्याची ती खूण. मग डोंगल अधूनमधून तुटतो आणि दोष त्याच्यावर येतो. लाइट गेली-आली की मेमरी कार्ड खराब होतं, हे आपल्याकडचं मुख्य दुखणं. राउटरचा मिनी यूपीएस चालतो, पण त्याला ५ व्होल्ट ३ अँपिअरचं वेगळं तोंड आहे ना ते बघून घ्या. १२ व्होल्टचं तोंड पायला लावलं तर धूर. विजेचं बिल म्हणाल तर ५ वॉट धरून महिन्याला ३.६ युनिट.

पाय गच्चीवर डब्यात ठेवायचा मोह होतो, वायर आखूड राहते म्हणून. एप्रिल-मेच्या उन्हात बंद डबा म्हणजे भट्टी; ८० अंशांना पाय आपणहून मंदावतो. जिन्याच्या खोलीत सावलीला ठेवा आणि वर १० मीटर आरजी६ न्या, दोन-अडीच डेसिबलचा तोटा सोसा. वळवाच्या पावसात ढग गडगडायला लागले की एसएमए काढून वायर खिडकीबाहेर टाका. जवळ वीज पडली तर डोंगलपाशी थांबत नाही, पायमधून राउटरपर्यंत जाते.

गोळा केलेली माहिती विमानांचा नकाशा दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ ला पाठवत राहिलात तर त्यांचं बिझनेस सदस्यत्व फुकट मिळतं. डोंगलची किंमत वसूल होते ती इथं. सुरुवात करताना खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी वायर आणि कनेक्टर, मग चार्जर, मग डोंगल. अँटेना तारेचाच चालेल. सांगलीशेजारच्या कवलापूरच्या ओस पडलेल्या धावपट्टीवर विमान उतरेल तेव्हा उतरेल. ते उतरलंच तर अँटेना काढून खिडकीत ठेवला तरी दिसेल.