सहा सांधे, बारा बटणं: आठ महिन्यांनंतर

चाकणला आमच्या लाइनवर मिग (वायर वितळवून जोड देणाऱ्या) वेल्डिंगचा सहा अॅक्सिसचा रोबो आहे. पॉइंट टीच करायचं, म्हणजे रोबोला कुठून कुठे जायचं ते शिकवायचं काम गेले आठ महिने माझ्याकडे. त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ नुसता जॉगिंगमध्ये जातो, म्हणजे पेंडंट (बटणांचा हातातला कंट्रोल) धरून रोबो हाताने हलवण्यात.

आमच्या पेंडंटवर दर अॅक्सिसला प्लस-मायनस अशी बारा बटणं. एबीबी कंपनीच्या रोबोसारखी जॉयस्टिक नाही, आणि मला तेच बरं वाटतं. जॉइंट मोडमध्ये जे-३ (तिसरा सांधा) दाबलं की जे-३च हलणार.

सुरुवातीला मी सगळं वर्ल्ड मोडमध्येच उरकायचो, म्हणजे त्याच बटणांनी टोक एक्स, वाय, झेड दिशांना न्यायचं. टॉर्च (टोकाचं वेल्डिंगचं हत्यार) सरळ रेषेत जाते, डोक्याला ताप नाही. एका रात्रपाळीत जॉब पकडणाऱ्या फिक्स्चरजवळच सिंग्युलॅरिटीचा अलार्म आला. एक्सचं बटण कितीही दाबा, रोबो ढिम्म. पाचवा अॅक्सिस शून्याजवळ आला की चौथा आणि सहावा एका रेषेत येतात. मग टोक सरळ न्यायला मनगट गरागरा फिरवावं लागतं, आणि कंट्रोलर हात वर करतो. जॉइंट मोडला जाऊन जे-५ थोडा वाकवला, सुटलं.

तेव्हापासून लांबचा पल्ला जॉइंटमध्ये, शेवटचे दोन इंच टूल मोडमध्ये, म्हणजे टॉर्चच्याच दिशांनुसार. पण जॉइंटची खोड वेगळी. हात दीड मीटर पसरलेला असताना जे-१ एक अंश फिरला तर टोक २६ मिमी सरकतं. हे गणित मला क्लॅम्पवर टॉर्चची टिप वाकवून कळलं. ओव्हरराइड (वेगाचं प्रमाण) ३० टक्के होता, चूक शंभर टक्के माझी. टी-१ या हळू टीचिंग मोडमध्ये वेग सेकंदाला २५० मिमीच्या वर जात नाही खरं, पण क्लॅम्प चार बोटांवर असताना तेवढाही पुष्कळ होतो. आता जवळ गेलो की ५ टक्के.

जे-६ वर विशेष लक्ष ठेवा. तो +१९० ला असो की −१७० ला, टॉर्च दिसायला तशीच. केबलला मात्र पीळ पडतो, वायर अडखळते आणि आर्क फडफडतो. मी दोन दिवस वायर पुरवणारा फीडरच उघडून बघत होतो!

पेंडंटचा डेडमॅन स्विच मधल्या स्थितीत धरून ठेवायचा: सोडला तरी रोबो थांबतो, घाबरून आवळला तरी थांबतो. सोय उत्तम, पण तासाभराने डाव्या हाताची बोटं भरून येतात. त्यावर इलाज मला सापडलेला नाही. दर वीस पॉइंटला पेंडंट अडकवून चहाला जातो.