तयार ‘एमएसडीएस संच’: पेटी घ्या, आतले कागद बदला

एमआयडीसीच्या आसपास सेफ्टीच्या दुकानांत हेल्मेट आणि गमबुटांच्या शेजारी हा संच टांगलेला दिसतो. पिवळी फाइल-पेटी, भिंतीवर लावायचा फोमशीटचा बोर्ड, स्टिकरचा एक रोल आणि नेहमीच्या रसायनांची छापील सुरक्षा-माहितीपत्रकं, म्हणजेच एमएसडीएस: टोल्युइन, थिनर, नायट्रिक, हायड्रोक्लोरिक, कॉस्टिक वगैरे. गिऱ्हाईक म्हणजे छोटे कारखानदार. पेंट शॉप, प्लेटिंग, पिकलिंग (अ‍ॅसिडने धातू साफ करणं). विकताना एकच वाक्य ऐकू येतं: ‘हे लावा, इन्स्पेक्टर काही बोलणार नाही.’ पण कॅन इन्स्पेक्टर उचलत नाही, हेल्पर उचलतो. तेव्हा संच त्याच्या किती कामाचा, एवढंच इथे पाहिलं आहे.

आधी नियम. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांतला नियम १७ दोन गोष्टी मागतो. एक, परिशिष्ट ९ च्या नमुन्यातलं माहितीपत्रक, जे अचूक असेल, मागितल्यावर पाहायला मिळेल आणि नवी महत्त्वाची माहिती आली की सुधारलं जाईल. दोन, प्रत्येक डब्यावर लेबल: आत काय आहे, उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि धोक्याचा तपशील. डबा फारच लहान असेल तर गळ्यात टॅग चालतो. नियम ४ तर कामगाराला माहिती, प्रशिक्षण आणि साधनं द्यायला सांगतो, उताऱ्याच्या औषधासकट. ‘सकट’वर पुढे येतो.

पेटीच्या पहिल्या पानावर मात्र अजून कारखाना कायदा, १९४८, कलम ४१ब असं झळकतं. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीत आलेलं हे कलम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि कारखाना कायदा तिच्यात गेला. मालकाने धोक्याची माहिती उघड करायचं बंधन संहितेतही आहे. १९८९ चे नियम पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे, त्यांना धक्का नाही. पान जुनं निघालं म्हणून कुणाला इजा होत नाही, पण छापणाऱ्याने आत किती लक्ष घातलं असेल याचा अंदाज येतो.

आता माहितीपत्रकं, संचाची सगळ्यात कच्ची बाजू. ‘थिनर’ नावाचं पत्रक आहे आणि त्यात घटकच नाहीत. थिनर हे एक रसायन नव्हे, मिश्रण आहे. कुणाच्या थिनरमध्ये टोल्युइन आणि अ‍ॅसिटोन, कुणाच्यात मिथेनॉलही. मिथेनॉल पोटात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, म्हणजे ते आहे की नाही यावर प्रथमोपचाराची ओळ बदलते. तुमच्या पिंपातल्या मालाचं पत्रक तुमच्या पुरवठादाराकडूनच यायला हवं. खरेदीच्या ऑर्डरवर ‘मालासोबत चालू तारखेचा एमएसडीएस’ अशी ओळ टाका. पत्रक आलं की पिंपावरचं नाव आणि पत्रकातला सीएएस क्रमांक, म्हणजे त्या रसायनाचा ठरलेला ओळख-क्रमांक, जुळवा. टोल्युइनचा १०८-८८-३ आहे. झायलीनचं पत्रक चुकून लागलं असेल तर इथेच कळतं.

टोल्युइनचं पत्रक वरवर बरं आहे. फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते) ४ अंश, वाफ हवेपेक्षा तिपटीने जड, दोन्ही बरोबर. पण प्रथमोपचारात ‘गिळल्यास रुग्णास उलटी करवावी’ असं छापलंय. भाषांतरात ‘नये’ गळालं! टोल्युइन उलटीतून फुप्फुसात उतरलं तर माणूस दगावू शकतो, म्हणूनच उलटी करवायची नसते. दुकानातच हे पान उघडा आणि ती ओळ वाचा. चुकलेली असेल तर बाकीची पानंही विश्वासाने वापरू नका.

बोर्डावर वेगळाच घोळ. चार रंगांचा एनएफपीए चौकोन (धोका आकड्यांत दाखवायची अमेरिकी पद्धत) छापलाय, आणि त्याच्या लाल, म्हणजे आगीच्या धोक्याच्या घरात जीएचएसची (धोक्याच्या जागतिक वर्गीकरणाची) श्रेणी भरलीय. दोन्हींची मोजणी उलटी आहे: एनएफपीएमध्ये ४ म्हणजे सगळ्यात वाईट, जीएचएसमध्ये १. टोल्युइन जीएचएसनुसार ज्वलनशील द्रव श्रेणी २, एनएफपीएच्या लाल घरात ३. बोर्डावर तिथे २ आहे. लाल घरातला २ डिझेलचा असतो. कवटीचं चित्रही सरसकट सगळ्यांना लावलंय. टोल्युइनला कवटी नाही. ज्योत, छातीवर चांदणी असलेला माणूस आणि उद्गारचिन्ह, ही तीन चित्रं. सगळीकडे कवटी दिसली की दुसऱ्या आठवड्यापासून तिच्याकडे कुणी बघत नाही.

पिकलिंगवाल्यांसाठी खास. स्टेनलेसच्या टाकीत बहुधा नायट्रिकसोबत हायड्रोफ्लोरिक असतं. संचात नायट्रिकचं पत्रक आहे, हायड्रोफ्लोरिकचं नाही. नायट्रिकवाला सल्ला ‘भरपूर पाण्याने धुवा’ इतकाच. हायड्रोफ्लोरिकला तेवढ्याने भागत नाही. ते कातडीतून आत शिरतं, पातळ असेल तर दुखायला काही तासांनी लागतं, आणि तोवर माणूस घरी गेलेला असतो. धुतल्यावर लगेच कॅल्शियम ग्लुकोनेटची २.५ टक्क्यांची जेल चोळायची आणि हॉस्पिटल गाठायचं. ती ट्यूब टाकीजवळ हवी, ऑफिसच्या कपाटात नको. नियम ४ मधला ‘उतारा’ तो हाच.

स्टिकर दोन प्रकारचे मिळतात. कागदी स्वस्त, पण थिनरच्या दोन ओघळांत शाई पसरते. प्लॅस्टिकचा, वरून लॅमिनेशन असलेलाच घ्या. दुकानातून एक नमुना मागा, डब्यावर चिकटवून दिवसभर ठेवा आणि थिनरमध्ये भिजवलेल्या कॉटन वेस्टने दहा वेळा पुसा. अक्षर शाबूत राहिलं तर रोल घ्या. चिकटवण्याआधी डबा कोरडा पुसा. झाकणावर लावू नका, झाकणं बदलतात. ओतायच्या तोटीच्या विरुद्ध बाजूला लावा, म्हणजे ओघळ लेबलवरून जात नाही. स्टिकरवर उत्पादकाच्या नाव-पत्त्याला जागाच ठेवलेली नाही. ती ओळ पक्क्या मार्करने खाली लिहावी लागते.

हे स्टिकर खरे लागतात ते पिंपाला नाही, पिंपातून काढलेल्या ५ लिटरच्या कॅनला. पिंपावर कंपनीचं लेबल असतंच. माल लहान डब्यात आला की नाव पुसलं जातं, आणि पुढे तोच माल पाण्याच्या बाटलीत. ज्याची पाण्याची बाटली शेजारीच आहे, तो ती उचलतो. रोलमधले निम्मे स्टिकर कॅनसाठी राखून ठेवा. पाण्याच्या बाटलीला मात्र स्टिकर लावून तिला परवानगी देऊ नका, ती तिथून काढून टाका.

पेटी उत्तम आहे. बाहेरून अ‍ॅसिडचा धूर लागला तरी आतले कागद कोरडे राहतात, कडी एका हाताने उघडते. मिक्सिंगच्या दारापाशी, कमरेच्या उंचीवर, कुलूप न लावता टांगा.

भाषेचं मात्र बघून घ्या. मराठी पत्रकांत ‘संक्षारक’ आणि ‘वायुवीजन’ आहे. ‘अंगावर पडलं तर भाजतं’ आणि ‘एक्झॉस्ट चालू ठेवा’ लिहिलं असतं तर वाचलं गेलं असतं. शिवाय तारापूर असो की चाकण, रसायन हाताळणारी अर्धी पाळी बऱ्याचदा हिंदी वाचणारी असते. काही दुकानं मागितल्यास पत्रकाच्या पाठीमागे हिंदी छापून देतात. अशा दुकानातून घ्या, आणि छापायला तुमच्या पुरवठादाराचं पत्रक द्या, त्यांचं नव्हे.