राइनची मोठी क्रूझ, कालव्यातली भाड्याची बोट, की सरळ बार्ज घेऊनच राहायचं?

मावशी आणि काका दोघंही यंदा रिटायर झाले. युरोपला जायचं पण ते बसमधलं दहा दिवसांत सात देश नको, बोटीनं फिरू, असं दोघांच्या डोक्यात बसलंय. मावशीला मोठी क्रूझ हवीये, मावसभाऊ म्हणतो छोटी बोट भाड्यानं घ्या मी येतो चालवायला, आणि काकांनी कुठेतरी व्हिडिओ बघितलेत त्यामुळे त्यांचं म्हणणं जुनी बार्जच, म्हणजे कालव्यातली मालवाहू बोट, विकत घेऊ आणि सहा महिने तिच्यावरच राहू. मी नेदरलँड्समध्ये नऊ वर्षं आहे, क्रूझ एकदा केलीये आई-बाबांबरोबर, बोट दोनदा स्वतः चालवलीये, आणि बार्जवर राहणारं एक डच जोडपं चांगल्या ओळखीचं आहे, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. फोनवर तीनदा तेच सांगून झालं, आता लिहूनच टाकतो, अजून कोणाला ठरवायचं असेल तर त्यालाही उपयोग होईल.

पहिली गोष्ट म्हणजे डोक्यातून केरळची हाउसबोट काढून टाका. तिथे चालवायला माणूस असतो आणि मासे तळायलाही माणूस असतो. युरोपात सगळं आयतं पाहिजे असेल तर क्रूझ, नाहीतर दोर तुमच्याच हातात.

दोर म्हणजे कसला, तर लॉकचा. इथल्या नद्या आणि कालवे पायऱ्यापायऱ्यांनी चढतात-उतरतात, प्रत्येक पायरीला एक लॉक, म्हणजे पाण्याची लिफ्टच. बोट आत गेली की मागचं दार बंद, पाणी भरतं किंवा सोडतात, बोट वर किंवा खाली, मग पुढचं दार उघडतं. हे समजलं की बाकीचं बरंचसं आपोआप समजतं. जर्मनीतल्या माइन नदीवरचे लॉक 12 मीटर रुंद आहेत म्हणून त्या बाजूला जाणाऱ्या मोठ्या क्रूझ बोटी 11.4 मीटर रुंद आणि जास्तीत जास्त 135 मीटर लांब बांधतात, सगळ्या कशा एकाच साच्यातल्या लांबट दिसतात त्याचं कारण हेच. दोन्ही बाजूंना मिळून 60 सेंटीमीटर जागा उरते. आम्ही कोलोनहून न्यूरेंबर्गला गेलो तेव्हा आईला रात्री दोनला धप्प आवाजानं जाग आली, तिने पडदा बाजूला केला तर काचेपासून वीतभर अंतरावर शेवाळलेली ओली काँक्रीटची भिंत, आणि ती भिंत हळूहळू खाली चाललेली. तिने बाबांना उठवलं की अहो आपण विहिरीत पडलोय. राइनपासून बांबेर्गपर्यंत माइनवर असे 34 लॉक आहेत आणि बोट बहुतेक रात्रीच चालते, त्यामुळे झोप हलकी असेल तर कानात बोळे न्या.

बाकी क्रूझ म्हणजे साठीच्या पुढच्या माणसांना खरंच सुख आहे. बॅग एकदाच उघडायची. बोट गावाच्या अगदी मध्यात लागते, उतरलं की पाच मिनिटांत चौक, चर्च, कॉफी. समुद्रातल्या क्रूझशी गल्लत करू नका, इथे कसिनो आणि घसरगुंड्या नसतात, दीड-पावणेदोनशे माणसं, एक जेवणाचा हॉल, एक लाउंज, वर उघडा डेक, संपलं. लहान मुलांना काहीच करायला नसतं, बऱ्याच कंपन्या लहान मुलं घेतही नाहीत. पैसे अंदाजे बघा, आठवड्याचे माणशी हजार-बाराशे युरोपासून सुरू होतात आणि तीन-चार हजारांवर जातात, वर टिप वेगळी.

बुकिंग करताना ब्रोशरमध्ये जे दिसत नाही ते विचारा. सगळ्यात खालच्या मजल्यावरची खोली स्वस्त असते पण खिडकी छोटी, न उघडणारी, आणि पाणी जवळपास तिच्या काठाला. बाल्कनीचे जास्त पैसे भरलेत आणि मुक्कामाला तुमच्या बोटीला खेटून दुसरी बोट लागली (धक्क्यावर जागा कमी म्हणून दोन-तीन बोटी शेजारी-शेजारी बांधतात) तर बाल्कनीतून समोरच्या आजोबांचा दात घासण्याचा कार्यक्रम दिसतो, आणि गावात जायला त्यांच्या लॉबीतून जावं लागतं. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट आहे का एवढंच विचारू नका, लिफ्ट वरच्या डेकपर्यंत आणि खालच्या मजल्यापर्यंत जाते का ते विचारा, बऱ्याच बोटींवर नाही जात.

आणि पाणी. हे कोणी सांगत नाही. राइनवर बाझेलच्या खालपासून इफेत्साइमपर्यंत 10 लॉक आहेत, तिथे पाणी अडवलेलं असतं, पण त्याच्या पुढे नदी मोकळी आहे, पाऊस नाही पडला की ती आटते. काउब नावाच्या गावाजवळ सगळ्यात अडचण, तिथली पातळी मोजायची पट्टी 2018 च्या ऑक्टोबरात 25 सेंटीमीटरवर आली होती (पात्रात त्याहून जास्त पाणी असतं, पण मोठ्या बोटींची पंचाईत व्हायला एवढं पुरतं). आम्ही गेलो 2022 च्या ऑगस्टमध्ये, तेव्हाही नदी तशीच आटलेली. कोब्लेन्ट्सला सकाळी सांगितलं की बॅगा भरा, बसने पलीकडे जायचंय, तिथे आपली दुसरी बोट उभी आहे. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांच्या हातात काही नव्हतं आणि कराराच्या बारीक अक्षरात ते लिहिलेलंही होतं. पण झालं काय, ज्याच्यासाठी माणूस राइनला जातो तो कोब्लेन्ट्स ते र्‍यूडेसहाइमचा टप्पा, किल्ले, द्राक्षांचे मळे, लोरेलाइचा तो 132 मीटरचा खडक, सगळं आई-बाबांनी बसच्या खिडकीतून बघितलं, तेही चुकीच्या बाजूच्या सीटवरून. उलटंही होतं, पाणी जास्त झालं की बोट पुलाखालून जात नाही. जर्मनीतल्या पासाऊला 2013 च्या जूनमध्ये डॅन्यूब नदी 12.89 मीटरवर गेली होती. माझं मत विचाराल तर मे-जून घ्या, ऑगस्ट ते ऑक्टोबर राइन टाळा. डॅन्यूबवर पासाऊ ते बुडापेस्ट त्यातल्या त्यात बरं पडतं, आणि बुडापेस्टला रात्री संसदेच्या समोरून बोट जाते तेव्हा वर डेकवर शाल घेऊन बसायचं, तेवढ्यासाठी पैसे वसूल.

शाकाहारी लोकांसाठी आधी लिहून कळवा आणि परत बोटीवर चढल्यावर सांगा. मिळतं, पण पास्ता, रिसोटो, भाजलेल्या भाज्या, परत पास्ता. आईने चौथ्या दिवशी लाउंजमध्ये गरम पाणी मागून घेतलं आणि सोबत नेलेला उपमा मिक्स त्यात कालवला. वेटर बिचारा बघत उभा.

आता भाड्याची बोट. आम्ही दोन्ही वेळा फ्रान्समधला काना द्यू मिदी घेतला, मित्र आणि बायकामुलं मिळून सहाजण. हा कालवा 1666 ते 1681 मध्ये प्येर-पॉल रिके नावाच्या माणसाने बांधला, मिठावरचा कर वसूल करायचं काम होतं त्याचं, इंजिनिअर वगैरे नव्हता, आणि कालवा पूर्ण व्हायच्या काही महिने आधी गेला बिचारा. तूलूझपासून समुद्राजवळच्या खाडीपर्यंत 240 किलोमीटर. इथले लॉक लंबगोल आहेत, कारण सुरुवातीला सरळ भिंतींचे बांधले ते आत कोसळले, मग कमानीसारख्या फुगीर भिंती केल्या. फ्रान्समध्ये भाड्याच्या बोटीला लायसन्स लागत नाही, तासभर शिकवतात, एक कागद देतात, आणि बारा मीटरची बोट तुमच्या ताब्यात. पहिल्यांदा मी म्हटलं अरे असं कसं, मला स्कूटरचं लायसन्स काढायला दोन फेऱ्या लागल्या होत्या.

स्पीड ताशी 8 किलोमीटर. काठावरून सायकलवाले पुढे जातात, आज्ज्याही. म्हणजे "कारकासोनपासून समुद्रापर्यंत जाऊन परत येऊ" वगैरे प्लॅन आखू नका, दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर झाले तरी खूप. आणि दुपारी लॉकवाला जेवायला जातो. लॉक बंद. तुम्ही पण काठाला बोट बांधा, वरणभात लावा, वाट बघा. क्रूझवर हे सगळं कोणीतरी झोपेत करून टाकतो, इथे तोच दिवसभराचा कार्यक्रम, एकाने स्टिअरिंग धरायचं, दोघांनी पुढून-मागून दोर. वर चढताना लॉकमध्ये पाणी खवळून येतं, बोट पुढे-मागे आपटते, त्यामुळे दोर खेचून धरावा लागतो, हाताला फोड येतात, ग्लोव्हज न्या. उतरताना सोपं वाटतं आणि तिथेच घोळ होतो. आमच्या मित्राने दोर खुंट्याला नीट गाठ मारून बांधला आणि कॉफी घ्यायला आत गेला. पाणी खाली चाललं, बोट खाली चालली, दोर तिथेच. एक बाजू वर राहिली, बोट तिरकी झाली, ओट्यावरची कपबशी घसरत गेली, कुकरचं झाकण गेलं, मुलगी किंचाळली, मी दोर सोडायला धावलो तर गाठ इतकी आवळलेली की सुटेना. शेवटी लॉकवाल्या बाईने वरून ओरडत पाणी थांबवलं आणि आमचा दोर स्वतःच्या सुरीने कापला. त्या बाईकडे सुरी तयार होती याचा अर्थ असे महाभाग तिला आधीही भेटलेत. उतरताना दोर बांधायचा नाही, खुंट्याला फक्त एक वळसा घालून हाताने सोडत जायचा, हे आम्हाला शिकवलं होतं बरं का.

पैशाचं बघा, सहाजणांची बोट आठवड्याला दीड ते तीन हजार युरो, सीझनवर आहे, वर डिझेल इंजिनच्या तासावर, डिपॉझिट वेगळं. सहांत भागलं तर क्रूझच्या निम्म्यानंही होत नाही, आणि जेवण आपलं. दोघंच असाल तर मात्र परवडत नाही आणि झेपतही नाही, एक लॉक ठीक आहे, दिवसात आठ आले की नवरा-बायकोचं भांडण ठरलेलं. जुलै-ऑगस्टमध्ये लॉकला रांगा लागतात आणि ऊन मरणाचं. काठावर ओळीने प्लेनची झाडं आहेत तीच फोटोत बघून लोक येतात, पण 2006 पासून त्यांना बुरशीचा रोग लागलाय, हजारो झाडं तोडून टाकलीत आणि नवी अजून लहान आहेत, त्यामुळे काही टप्पे उघडे-बोडके. सप्टेंबर मस्त.

दोर ओढायचा नाही पण छोट्या कालव्यातूनच जायचंय, अशांसाठी हॉटेल बार्ज असते, जुनी मालवाहू बार्ज सजवून आठ-दहा ते वीसेक माणसांची केलेली, कॅप्टन आणि आचारी सकट. फ्रान्सच्या बरगंडी भागात पुष्कळ. सुरेख असते, पण माणशी चार-पाच हजार युरो आठवड्याला, आणि सगळा भर वाइन-चीजवर. दोन्ही चालत नसेल तर पैसे पाण्यात, अक्षरशः.

मग राहिली काकांची बार्ज. काका, पासपोर्ट भारताचा आहे ना, मग टुरिस्ट व्हिसावर शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत मिळून, 180 दिवसांतले 90 दिवसच राहता येतं, सलग सहा महिने नाही. फ्रान्सचा लाँग-स्टे व्हिसा काढता येतो पण त्याला उत्पन्न, विमा, राहायचा पत्ता दाखवा. आणि पत्ता बोटीचा द्यायचा म्हणजे ती कुठेतरी कायमची बांधलेली पाहिजे. इथे खरा पेच आहे. बोट मिळते, जुनी डच बार्ज ऐंशी हजार ते दोन-अडीच लाख युरोत मिळून जाईल, बांधायची जागा मिळत नाही. अॅमस्टरडॅममध्ये अडीचेक हजार हाउसबोटी आहेत आणि नव्या जागा देणं बंद, त्यामुळे जागेचा परवाना बोटीपेक्षा महाग पडतो.

लांबी नीट बघून घ्या. फ्रान्सचे बरेचसे कालवे 1879 मध्ये ठरवलेल्या मापाचे, लॉक 39 मीटर बाय 5.2, त्याहून मोठी घेतली तर निम्मा फ्रान्स बंद. पण 20 मीटरच्या वर गेलं की तांत्रिक तपासणीचं सर्टिफिकेट लागतं, आणि स्वतःच्या बोटीला लायसन्सही लागतं, भाड्याच्या बोटीची सवलत इथे नाही. घेण्याआधी बोट पाण्याबाहेर काढून तळाच्या पत्र्याची जाडी मोजून घ्यायची, विमावाले बहुतेक 4 मिलिमीटर तरी मागतात. माझ्या ओळखीच्या जोडप्याची बोट 1920 च्या दशकातली, बटाटे वाहायची. सुंदर आहे, लाकडी चाक, पितळी दिवे, आणि डॉकवर चढवल्यावर तळ हातोडीने ठोकत जाणाऱ्या माणसाच्या मागे ते दोघं इतक्या काळजीने चालत होते की डॉक्टरच्या मागे नातेवाईक चालतात तसे. त्या वर्षी नव्या पत्र्यांचा खर्च सुट्टीच्या पैशातून गेला. हिवाळ्यात तर कालवेच दुरुस्तीसाठी बंद होतात, जिथे असाल तिथे अडकलात, नळाचं पाणी गोठतं, आणि संडासाची टाकी कुठे रिकामी करायची हा रोजचा विषय होतो. त्यांना आवडतं हे. ते दोघं पन्नाशीचे आहेत आणि तो आयुष्यभर वेल्डर होता.

तर माझा हिशोब असा: मावशी-काका दोघंच जाणार असतील तर डॅन्यूबची क्रूझ, मे महिन्यात, मधल्या मजल्यावरची खोली, बाल्कनीचे पैसे वाचवा. भाऊ-वहिनी आणि पोरं येणार असतील तर डोळे झाकून भाड्याची बोट, आणि बार्जची हौस फिटते का ते काकांनी त्या आठवड्यात दोर धरून बघावं, विकत घ्यायचं पुढच्या वर्षी बोलू.

हे सगळं मावशीला पाठवलं. दोन दिवस निळी टिक, उत्तर नाही. मग काल रात्री एकच ओळ आली, "बोटीवरच्या गॅसवर कुकर बसतो का रे?" बसतो मावशी, तीनचा बसतो. पाचचा वरच्या फळीला अडतो, शिटी व्हायला जागा राहत नाही.