ब्लेडचं बेट: नव्याण्णव पायऱ्या आणि चाळीस मिनिटं

तलावपाळीला रोज संध्याकाळी फेरी मारणाऱ्या ठाणेकराला तळ्यातलं बेट आणि बेटावरचं देऊळ याचं काय नवल? मासुंद्यातल्या बेटावर शंकर बसलेलाच आहे. मग स्लोव्हेनियात ब्लेडला जाऊन, माणशी अठरा-वीस युरो मोजून, होडीत बसून तेच बघायचं कशाला, हा प्रश्न घरात निघणारच. आमचं मत: जरूर जायचं, पण आपली बहुतेक मंडळी जातात तसं नाही. पूर्व युरोपच्या ग्रुप टूरमध्ये ब्लेडच्या वाट्याला दोन-अडीच तास येतात. त्यातच जेवण, त्यातच फोटो. बेटावर मिळतात जेमतेम चाळीस मिनिटं, आणि त्यातली निम्मी रांगेत जातात.

आधी होडीबद्दल. तिला प्लेतना म्हणतात. तळ सपाट, पुढचं टोक निमुळतं, मागची बाजू रुंद आणि वर रंगीत कापडाचं छप्पर. नावाडी मागे उभा राहतो आणि दोन्ही हातांत एकेक वल्हं धरून एकटाच वीसेक माणसं ओढून नेतो. हा धंदा पिढीजात आहे. काठावरच्या म्लिनो गावात शेती फारशी पिकत नसे, म्हणून १७४० मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या राजवटीत तिथल्या ठरावीक कुटुंबांना यात्रेकरूंची ने-आण करायचा हक्क मिळाला. तेव्हापासून वल्ही त्याच घराण्यांकडे आहेत. तळ्यात पेट्रोल-डिझेलच्या बोटींना बंदी आहे, त्यामुळे पाण्यावर तेलाचा तवंग नाही आणि कानाशी फटफट नाही. पलीकडून चर्चची घंटा झाली की होडीत बसल्या बसल्या ऐकू येते. पैसे वसूल होतात ते इथेच.

प्लेतनेला ठरलेलं वेळापत्रक नसतं. होडी पुरेशी भरली की निघते. जुलै-ऑगस्टमध्ये दहा मिनिटांत भरते, ऑक्टोबरच्या सकाळी अर्धा तासही लागू शकतो. बाक दोन्ही बाजूंना समोरासमोर असतात आणि कोणी कुठे बसायचं हे नावाडी ठरवतो. वजन दोन्हीकडे सारखं पडलं नाही तर होडी कलते. अशा वेळी "आम्हाला एकत्र बसायचंय" असा हट्ट धरू नये. फोटोसाठी मधेच उभं राहिलात तर तो दटावतो, आणि बरोबरच करतो. धक्क्यावर कार्ड चालेलच असं नाही, सुटे युरो खिशात असू द्यावेत. मुख्य गावातल्या बागेजवळून निघालात तर जायला वीसेक मिनिटं लागतात, म्लिनोहून त्यापेक्षा कमी. परतायचं त्याच होडीने. उतरताना नावाडी वेळ सांगतो, ती मोबाइलमध्ये लावून घ्या. होडी चुकली तर दुसरीत फुकट जागा मिळेल या भरवशावर राहू नका.

आता त्या चाळीस मिनिटांचा हिशोब. धक्क्यावरून थेट वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या १६५५ सालच्या. मोजून ९९. लिफ्ट नाही. ठाणे स्टेशनचा पूल रोज चढणाऱ्याला पाच मिनिटं, गुडघे दुखणाऱ्या आजीला दहा. तिकीट वरच काढायचं, बारा युरोच्या आसपास, आणि त्यात चर्च आणि मनोरा दोन्ही येतं. बहुतेक लोक आधी बेटाला प्रदक्षिणा घालतात, फोटो काढतात, दुकानात शिरतात आणि शेवटी चर्चच्या रांगेत उभे राहतात. तोवर परतीची वेळ होते, मग चर्चमधली घंटा वाजवायची राहून जाते आणि तिकिटाच्या नावाने बोटं मोडली जातात. क्रम उलटा ठेवा. होडी लागली की थेट वर, तिकीट, घंटा, मग मनोरा, प्रदक्षिणा शेवटी. वेळ उरला नाही तर मनोरा सोडा, घंटा सोडू नका.

या घंटेमागे एक कथा आहे. नवरा मारला गेलेल्या एका तरुण विधवेने त्याच्या आठवणीत घंटा ओतवली, पण बेटावर आणताना वादळात होडीसकट ती तळ्यात बुडाली. बाई रोमला जाऊन जोगीण झाली आणि तिच्या मृत्यूनंतर पोपने दुसरी घंटा पाठवली. कथा कथेच्या जागी. वर टांगलेली घंटा मात्र खरोखर १५३४ सालची, पादुआच्या फ्रान्चेस्को नावाच्या कारागिराने ओतलेली. मनात इच्छा धरून ती वाजवायची असा रिवाज आहे.

गोची होते ती वाजवताना. कोपिनेश्वरात शिरताना हात वर करून टोला द्यायची आपली सवय. इथे घंटा छपरावरच्या छोट्या बुरुजात आहे आणि वेदीसमोर लोंबतो फक्त तिचा दोर. लोक तो झटक्याने खेचतात, काहीच ऐकू येत नाही, मग आणखी जोरात खेचतात. घंटा जड आहे, तिला आधी झोका मिळावा लागतो. दोर दोन्ही हातांनी सावकाश खाली ओढायचा, वर जाताना सैल सोडायचा, पुन्हा ओढायचा. पाळण्याला झोका देतो तसं. दोन-तीनदा लयीत ओढला की वरून टोल येतो. दोर घट्ट धरून ठेवला तर झोकाच मोडतो, आणि मागची रांग उसासे टाकते.

दोर सोडला की लगेच बाहेर पळू नका. १७४७ सालची सोनेरी बरोक वेदी समोरच आहे. मधे मेरी, दोन बाजूंना सम्राट हेन्री दुसरा आणि त्याची राणी कुनिगुंडा. वेदीच्या भागातल्या भिंतींवर १४७० च्या सुमाराची गॉथिक भित्तिचित्रं उरली आहेत. रंग उडालेत, तुकडे गेलेत, तरी सोन्याच्या झगमगाटापेक्षा डोळा तिथेच रेंगाळतो. ही जागा चर्चहून जुनी आहे. उत्खननात नवव्या ते अकराव्या शतकातल्या स्लाव लोकांची शंभराहून जास्त थडगी सापडली. पहिलं बांधीव चर्च ११४२ मध्ये पवित्र केलं गेलं, पंधराव्या शतकात ते गॉथिक घाटाचं झालं, १५०९ च्या भूकंपानंतर पुन्हा डागडुजी झाली आणि आजचं रूप आलं सतराव्या शतकात. मनोरा चर्चपासून वेगळा उभा आहे. आत लाकडी जिना आणि लंबकाचं मोठं घड्याळ. यंत्रांची आवड असणाऱ्याने चढावं, बाकीच्यांनी खालूनच बघितलं तरी चालेल.

शनिवारी जात असाल तर लग्नाची शक्यता धरा. नवऱ्याने नवरीला उचलून ९९ पायऱ्या चढायच्या असा तिथला रिवाज, आणि चढेपर्यंत तिने तोंडातून ब्र काढायचा नाही. लग्न चालू असताना पर्यटकांना आत जायला थांबावं लागू शकतं. पायऱ्यांवर हा प्रकार समोर घडताना दिसला तर चाळीस मिनिटांचा हिशोब खुशाल विसरा.

चौघांचं कुटुंब असेल आणि हातात अर्धा दिवस असेल तर प्लेतना सोडून वल्ह्यांची साधी होडी भाड्याने घ्यावी. भाडं होडीवर आणि तासावर असतं, माणशी नाही, शिवाय परतीचं घड्याळ आपल्या ताब्यात राहतं. म्लिनोच्या बाजूने बेट सगळ्यात जवळ पडतं, नवशिक्यालाही पाऊण तासात जाऊन येता येईल. वल्हवणारा पाठमोरा बसतो, म्हणजे बेट दिसतच नाही. मागे सुटणाऱ्या काठावरचं एखादं घर नजरेत पकडून ठेवायचं, ते सरकलं की होडी वाकडी चाललीय असं समजायचं. दोघांनी एकेक वल्हं वाटून घेतलं तर होडी हमखास गोल गोल फिरते, एकानेच दोन्ही धरावीत. लहान मुलांसाठी लाइफ जॅकेट निघतानाच मागून घ्या. बेटावर पोचल्यावर प्लेतनांच्या धक्क्यात होडी घुसवू नका.

आणि बेटाचा पोस्टकार्डवरचा फोटो बेटावरून येत नाही, हे कोणी आधी सांगत नाही. त्यासाठी तळ्याच्या पश्चिम टोकाला, झाकाच्या बाजूने टेकडी चढावी लागते. ओय्स्त्रित्सा ६११ मीटर, माला ओसोय्नित्सा ६८५ मीटर, आणि तळं मुळात ४७५ मीटरवर. म्हणजे पहिल्या टेकडीचा चढ दीडशे मीटरसुद्धा नाही, येऊरच्या जंगलात फिरणाऱ्याला अर्ध्या तासाचं काम. पाऊस पडून गेला असेल तर मुळांवरून पाय सटकतो, चपलेत जाऊ नका. तळ्याला पूर्ण फेरी सहा किलोमीटरची, सपाट वाटेने.

मुंबईहून थेट विमान नाही. व्हेनिस, म्युनिक किंवा व्हिएन्नाला उतरून रस्त्याने किंवा रेल्वेने यायचं. शेंगेन व्हिसाची (स्लोव्हेनियासह युरोपातल्या अनेक देशांत चालणारा एकच व्हिसा) फी मोठ्यांना ९० युरो, आणि अर्ज जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा. लुब्लियानाहून बस ब्लेड गावातच सोडते, सव्वा तासाच्या आसपास लागतो. रेल्वेने आलात तर लेस्त्से-ब्लेड स्टेशनपासून तळं चार किलोमीटरवर आहे, पुढे स्थानिक बस.

खाण्यात दोन गोष्टी. बेटावर पोतित्सा मिळते, अक्रोड भरून गुंडाळलेली गोड पोळीच म्हणा, फक्त खमीर घालून भाजलेली. काठावर क्रेमश्निता: वर-खाली खारीसारखे पापुद्रे, मधे व्हॅनिला कस्टर्ड आणि क्रीम, सात बाय सात बाय सात सेंटीमीटरचा चौकोन. ब्लेडमध्ये ती १९५३ पासून होते. दोन्हींत अंडं असतं, त्यामुळे न खाणाऱ्यांनी थेपल्यांचा डबा पिशवीत ठेवावा. काट्याने वरून दाबलं तर क्रीम चारी बाजूंनी बाहेर येतं. आधी वरचा पापुद्रा उचलून खायचा, मग उरलेला चौकोन आडवा करून कापायचा.