पहाटेचा धावण्याचा वर्ग: तीन महिन्यांनंतरचे मत

गेल्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी बेळगाव शहराच्या दक्षिण भागातील एका मैदानावर पहाटे भरणाऱ्या धावण्याच्या वर्गात नाव नोंदवले आणि डिसेंबरअखेर तो वर्ग पूर्ण केला. आठवड्यातून चार दिवस, साडेपाच ते पावणेसात अशी वेळ, तीन महिन्यांचे शुल्क २,४०० रुपये, आणि आमच्या तुकडीत बावीस जण होते. त्यांत दुकानदार होते, वडगावचे यंत्रमागवाले होते, नुकत्याच निवृत्त झालेल्या दोन परिचारिका होत्या आणि माझ्यासारख्या दिवसभर वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षिकाही होत्या. वर्गाचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे त्याचे दोषही सांगायचे आहेत आणि कोणाच्या पोटावर पाय आणण्याचा माझा हेतू नाही. आपल्या भागातील असा कोणताही वर्ग निवडताना काय पाहावे आणि काय विचारावे, हे वाचणाऱ्याला कळावे यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

माझे वय ४६ आहे. दोन वर्षांपूर्वी मी एका व्यायामशाळेत जात होते. तेथे पहिल्याच आठवड्यात मला धावपट्टीवर सलग वीस मिनिटे पळवण्यात आले आणि ‘घाम निघाला पाहिजे’ एवढाच उपदेश मिळाला. पंधराव्या दिवशी दोन्ही नडग्यांच्या आतल्या कडेला अशी कळ सुरू झाली की शाळेचा जिना उतरताना कठड्याला धरावे लागे. पुढे सहा महिने मी चालणेही सोडले होते. त्यामुळे या वर्गात जाताना माझ्या मनात आशेपेक्षा धास्तीच जास्त होती.

येथील मुख्य प्रशिक्षक खानापूर तालुक्यातील असून लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत, आणि सगळे त्यांना सुभेदार म्हणूनच हाक मारतात. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला एक मिनिट पळायला आणि दोन मिनिटे चालायला लावले, आणि असे आठ वेळा झाल्यावर ‘आजचं झालं’ म्हणून थांबवले. मला ते फारच थोडे वाटले. दुसऱ्या दिवशी मी जरा जोर धरला, तेव्हा ते माझ्या शेजारी येऊन पळू लागले आणि म्हणाले, “बाई, माझ्याशी बोलत पळा. शाळेत पोरं किती, पट किती, सांगा मला. बोलता येईना झालं की चालायचं, त्यात लाज कसली?” तिसऱ्या वाक्याला माझा श्वास तुटला. ज्या गतीला पूर्ण वाक्य बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, ती आपली सोपी गती, हा त्यांचा मापदंड आहे आणि तो शास्त्राला धरूनच आहे.

वर्गात नाडी मोजायलाही शिकवतात. थांबल्याबरोबर मानेच्या एका बाजूला दोन बोटे हलकेच टेकवायची, पंधरा सेकंद ठोके मोजायचे आणि चारने गुणायचे. त्या दुसऱ्या दिवशी माझे ठोके ३९ भरले, म्हणजे मिनिटाला १५६. कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज २२० मधून वय वजा करून काढतात. त्या हिशोबाने माझी कमाल १७४, आणि सोप्या पळण्यासाठी तिच्या ६० ते ७० टक्के, म्हणजे साधारण १०४ ते १२२. हे सूत्र सरासरीवर बेतलेले असल्याने एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडू शकतो, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ठोके मुळातच कमी राहतात. म्हणून बोलता येते की नाही ही कसोटी आकड्यापेक्षा जास्त भरवशाची आहे, असे सुभेदारांनी स्वच्छ सांगितले. दहाव्या आठवड्यात तेवढ्याच गतीला माझे ठोके ३१ आले. शरीर सुधारते म्हणजे काय होते, हे मला त्या आकड्याने दाखवले.

सावकाश पळण्यामागचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. हलक्या पण दीर्घ व्यायामाने स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात, पेशींची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढते आणि शरीर इंधन म्हणून चरबी अधिक सहज वापरू लागते. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच या कामाला सरावतात. हाडे आणि स्नायूबंध यांना मात्र महिने लागतात. दम टिकतो म्हणून माणूस अंतर वाढवतो आणि नडगी, टाच किंवा गुडघा मागे राहतो. माझे दोन वर्षांपूर्वी नेमके हेच झाले होते. या वर्गात पळण्याचा वेळ आठवड्याला थोडा थोडा वाढवत नेला, दर चौथ्या आठवड्यात तो मुद्दाम कमी केला, आणि बाराव्या आठवड्यात मी सलग पस्तीस मिनिटे न थांबता, बोलत बोलत पळाले. नडगी एकदाही दुखली नाही.

सूचना मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत दिल्या जातात. बैठकांची मोजणी एक दिवस ‘एक, दोन, तीन’ अशी तर दुसऱ्या दिवशी ‘ओंदू, एरडू, मूरू’ अशी होते. सीमाभागात राहणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही, पण कोणालाही परके वाटू नये याची ही काळजी मला फार भावली. मैदान स्वच्छ आहे, तांबड्या मातीचे असल्याने डांबरी रस्त्यापेक्षा पायांना सोसवते, आणि स्त्रियांसाठी उजेडाची सोय चांगली आहे.

आहाराच्या मार्गदर्शनासाठी मी या वर्गाला सर्वांत जास्त गुण देईन. दुसऱ्या आठवड्यात आम्हाला एक पान देण्यात आले आणि त्यावर आपण रोज काय खातो ते लिहून आणायला सांगितले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. माझे वजन ६२ किलो, म्हणजे सुमारे ५१ ग्रॅम. माझ्या पानावर सकाळी चहा-बिस्किटे, डब्यात पोळी-भाजी आणि रात्री आमटी-भात होता, आणि त्याची बेरीज कशीबशी तीस-बत्तीस झाली. मग घरच्याच पदार्थांनी ती कशी भरायची हे सुभेदारांनी समोर बसवून दाखवले: दोन उकडलेल्या अंड्यांचे बारा ग्रॅम, मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचे सात, वाटीभर मुगाच्या किंवा मसुराच्या उसळीचे नऊ-दहा, एक पेला दुधाचे किंवा तेवढ्याच दह्याचे आठ, दोन जोंधळ्याच्या भाकरींचे दहाच्या आसपास, आणि उरलेले भातातून. यात बाजारातून नवीन आणण्यासारखे काहीच नव्हते.

नाचणीबद्दल त्यांनी जे सांगितले, ते खानापूरकडच्या माणसाने सांगावे तसे आपुलकीने सांगितले. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि तेवढ्याच गव्हात ते चाळीसच्या आसपास भरते, त्यामुळे चाळिशीनंतरच्या स्त्रियांनी आठवड्यातून चार वेळा तरी नाचणीची भाकरी किंवा आंबील घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. नाचणी भिजवून, मोड आणून दळली तर तिच्यातील लोह आणि खनिजे शरीराला अधिक सहज मिळतात. जेवणाबरोबर लिंबू पिळावे आणि जेवणानंतर तासभर चहा टाळावा, कारण लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते आणि चहाने ते घटते. माझ्या आजीने पहाटे आंबील पिऊन शेतात जाणे आयुष्यभर सोडले नव्हते, आणि मी मात्र ती ‘गावाकडची’ म्हणून बाजूला सारली होती, याचे मला त्या दिवशी मनापासून वाईट वाटले. दिवाळीतही फराळ बंद करा असे कोणी म्हणाले नाही. जेवणाच्या जागी फराळ नको, जेवणानंतर एखादी करंजी चालेल, आणि पाहुण्यांकडे कुंदा आला तर चमचाभर घ्या, एवढेच सांगितले.

आता दोषांकडे वळते. पहिला दोष गंभीर आहे. नाव नोंदवताना फक्त एका अर्जावर सही घेतली गेली; कोणाला मधुमेह आहे, कोण कोणती गोळी घेतो, हे विचारले गेले नाही. तिसऱ्या आठवड्यात आमच्यातील एक साठीचे गृहस्थ पळता पळता घामाघूम झाले, हात थरथरू लागले आणि ते मटकन खाली बसले. मधुमेहाची गोळी घेऊन ते उपाशीपोटीच आले होते. निवृत्त परिचारिकेने प्रसंग ओळखला, कोणाच्या तरी डब्यातील तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून त्यांना दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारपूस केली आणि मग खायला घातले, म्हणून निभावले. इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पहाटे उपाशीपोटी पळू नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी नेहमी ठेवावी. त्यानंतर वर्गाने आजारांची नोंद ठेवायला सुरुवात केली, पण ही गोष्ट पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती.

दुसरे, पाण्याबद्दल साहाय्यक प्रशिक्षक सर्वांना पळण्याआधी लिटरभर पाणी प्यायला लावत. मी घरी पळण्याआधी आणि नंतर वजन करून पाहिले, तर डिसेंबरच्या थंडीत तासाभरात जेमतेम ४०० ग्रॅमचा फरक पडला. एवढ्याशा व्यायामाला तहानेप्रमाणे साधे पाणी पुरते. गरजेपेक्षा फार पाणी प्यायल्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. उन्हात दीड-दोन तास पळायचे असेल, तेव्हा मीठ-साखरेचा विचार करावा. हेच साहाय्यक २,८०० रुपयांचा प्रथिनांच्या भुकटीचा डबा घेण्याचा आग्रह स्त्रियांना वारंवार करत, आणि सुभेदारांच्या आहारपत्रकानंतर तो आग्रह मला अगदी अनाठायी वाटला.

तिसरा दोष ताकदीच्या व्यायामाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायामही करावा. वर्गात तो एकच दिवस होता, आणि त्यातही पुरुषांना तालमीतल्यासारखे जोर-बैठका, तर आम्हाला भिंतीला हात टेकून दहा वेळा पुढे-मागे होणे. रजोनिवृत्तीच्या सुमारास हाडांची झीज वेगाने होते, म्हणून आम्हालाच त्याची गरज अधिक आहे, हे मी आणि परिचारिकांनी सुभेदारांना नीट समजावून सांगितले. त्यांनी ते मनावर घेतले. नोव्हेंबरपासून आम्ही बैठका, पायरीवर चढ-उतार आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे सुरू केले, पण दिवस मात्र एकच राहिला. परतीच्या पावसात बुडालेले सहा दिवसही भरून देण्यात आले नाहीत.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्हाला येळ्ळूरच्या राजहंसगडावर नेले. चढावर पळायचे नाही, दमदार चालायचे, असा नियम होता. मी दोन ठिकाणी नाडी मोजायला थांबले, दम लागून थांबावे लागले नाही. वर पोहोचल्यावर वाऱ्याने घाम वाळत असताना सुभेदारांनी सर्वांना गुळाचा खडा आणि शेंगदाणे वाटले, आणि ज्यांच्या गुडघ्यांची तक्रार होती त्यांना उतरताना लहान पावले टाकायला सांगून स्वतः त्यांच्याबरोबर मागे राहिले.

ज्यांनी कित्येक वर्षांत व्यायाम केलेला नाही आणि ज्यांना दुखापतीची भीती वाटते, त्यांच्यासाठी हा वर्ग चांगला आहे; स्पर्धेची वेळ सुधारायची असेल त्यांना येथे फारसे काही मिळणार नाही. प्रवेश घेताना आजारांची लेखी नोंद करून घ्यायला लावा, ताकदीच्या व्यायामाचे दिवस किती हे विचारा, आणि भुकटीचा डबा घेण्याचा आग्रह झाला तर आपले आहाराचे पान पुढे करा. मी जानेवारीच्या तुकडीत पुन्हा नाव नोंदवले आहे, आणि मंगळवारी-शुक्रवारी संध्याकाळी घराच्या गच्चीवर आम्ही तिघी मिळून बैठका काढतो.