विम्याचा पैसा: पगारातून की करातून?

राष्ट्रीय आरोग्य विमा चालवायचा तर पैसा कुठून आणायचा, इथूनच वाटा फुटतात. जर्मनीने १८८३ मध्ये हप्त्याची वाट धरली: कामगाराचा वाटा पगारातून कापायचा, मालकाने आपला भरायचा. वसुली पक्की. पण पगाराची चिठ्ठीच नसलेल्या शेतमजुराचा, फेरीवाल्याचा हप्ता कापायचा कशातून? योजना वाढवताना गाडी नेमकी इथेच अडते.

थायलंडने २००२ मध्ये नोकरदारांच्या योजनांबाहेर राहिलेल्यांसाठी करातून पैसा घातला आणि दवाखान्याच्या एका भेटीला फक्त ३० बाट (थाई चलन) ठेवले. हप्ता थकला म्हणून कुणी दारातून परत जायला नको. दरवर्षी अर्थसंकल्पात निधीसाठी झगडावं लागतं, हे आहेच. तरीही असंघटित कामगार जास्त असतील तिथे माझा कौल करालाच.