ऑक्टाव्हिया व्हीआरएसला चेसिस ब्रेस: आठ महिन्यांनंतर कोणते टिकले, कोणता उतरवला

आधी निकाल सांगून टाकतो. स्कोडाच्या या गाडीला तीन ब्रेस बसवले होते. ब्रेस म्हणजे बॉडी कमी पिळवटावी म्हणून दोन जागा बांधणारा धातूचा पाइप किंवा चौकट, यालाच बारही म्हणतात. बूटमधला (डिकीतला) आडवा आणि पुढच्या सबफ्रेमखालचा (पुढच्या चाकांचे आर्म जिला बसतात त्या चौकटीखालचा) असे दोन गाडीवर आहेत. मधला, म्हणजे एक्झॉस्टच्या बोगद्याखालचा, उतरवला. गाडी २०१७ ची व्हीआरएस: २ लिटर टर्बो पेट्रोल, २३० पीएस, ३५० न्यूटन-मीटर, मागे मल्टिलिंक सस्पेन्शन, टायर २२५/४० आर१८. वापर ११ हजार किलोमीटर. त्यात पुण्यातले स्पीडब्रेकर, ताम्हिणीची वळणं आणि एक अख्खा पावसाळा आला.

ही गाडी दिसते सेडान, पण मागचं दार काचेसकट वर उघडतं. खऱ्या सेडानमध्ये मागच्या सीटच्या वर-मागे आडवा पत्रा वेल्ड केलेला असतो आणि तो दोन्ही बाजू बांधून ठेवतो. इथे त्या जागी उचलून बाजूला ठेवायचा ट्रे आणि दुमडणारी सीट. म्हणजे पिळवटायला मोकळीक मागे जास्त, तेव्हा पैसे मागून पुढे खर्च करायचे. बहुतेक जण उलटं करतात, कारण पुढचा स्ट्रट बार (पुढच्या दोन्ही शॉकॲब्सॉर्बरचे माथे, म्हणजे टॉवर, जोडणारा) बॉनेट उघडल्यावर दिसतो. या गाडीत स्ट्रटचे टॉवर फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला) अगदी चिकटून आहेत आणि वायपरखालच्या आडव्या पत्र्याने आधीच बांधलेले आहेत. बार टाकायला वायपरचे हात पुलरने काढा, प्लास्टिकचा ट्रे काढा, बहुधा कापासुद्धा. कापलेल्या ट्रेमधून पानं खाली गेली आणि पाणी जायची भोकं तुंबली की पावसाळ्यात पाणी केबिनच्या पंख्याकडे सरकतं. एवढ्या उपद्व्यापाला मिळणारा फायदा फारच थोडा, म्हणून तो बार यादीतूनच काढला.

किट घेताना रंग आणि लोगो सोडून चार गोष्टी बघायच्या. पहिली, पाइप सरळ आहे का. इंजिनाला किंवा एक्झॉस्टला वळसा घालणारा बार जोर आला की आधी त्या वाकड्या जागी लवतो. बॉडी धरून ठेवणं दूरच. दुसरी, टोकाचा ब्रॅकेट आणि पाइप एकसंध वेल्ड केलेले हवेत. एका बोल्टवर फिरणारा सांधा फक्त ओढ आणि दाब सोसतो, पीळ नाही. तिसरी, भोकं गोल हवीत. "कुठल्याही गाडीला बसतं" म्हणून लांबट खाचा दिल्या असतील, तर बोल्ट कितीही आवळा, पहिल्या खड्ड्यात ब्रॅकेट खाचेत सरकणार. चौथी, धातू. ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे त्याच मापाचा ॲल्युमिनियम पाइप हलका असतो आणि तेवढाच लेचापेचाही. चार बोल्टांच्या चौकटीत तिरपी पट्टी नसेल तर ती चौकट पतंगासारखी तिरकी होते, हेही बघून घ्या.

बूटमध्ये सामान बांधायच्या हुकांना अडकवायचे बार मिळतात. ते घेऊ नका. ती जागा पिशव्या अडवायला केलेली असते, बॉडीचा जोर घ्यायला नाही. आणि सीटबेल्टच्या बोल्टखाली ब्रॅकेट सरकवणारं किट कितीही स्वस्त असो, त्याच्या वाटेला जायचं नाही.

आता बसवणं. सगळ्यात मोठी चूक लिफ्टवर होते. दोन खांबी लिफ्टवर गाडी मधून उचलली जाते, चाकं लोंबतात, पुढची-मागची टोकं किंचित खाली झुकतात. त्या अवस्थेत ब्रेस आवळला की गाडी जमिनीवर आल्यावर तो कायमचा ताणलेला राहतो. काम चाकांवर उभ्या गाडीत करायचं: खड्डा, चार खांबी लिफ्ट किंवा अलाइनमेंटचा रॅम्प. बोल्ट बोटाने आत जायला हवेत. पहारीने रेटून भोक जुळवावं लागत असेल तर किट चुकलंय किंवा गाडीला कधीतरी ठोकर बसली आहे. लांबी बदलणारा बार असेल तर तो मोकळाच जुळवायचा, फिरवून ताण द्यायचा नाही.

पुढच्या सबफ्रेमचे बोल्ट एका वेळी एकच काढा. सगळे एकदम सैल केले की सबफ्रेम काही मिलिमीटर सरकते आणि सरळ रस्त्यावर स्टीअरिंग वाकडं दिसू लागतं. काढण्याआधी सबफ्रेम आणि बॉडीवर पांढऱ्या मार्करने एक सलग रेघ मारून ठेवा. हे बोल्ट ताणले जाणारे असतात (आधी टॉर्कने, म्हणजे ठरलेल्या पिळाने आवळायचे, मग ठरावीक अंश फिरवायचे), त्यामुळे एकदा काढलेला परत वापरायचा नाही. ब्रॅकेट ५ मिमी जाड असेल तर बोल्टही मूळपेक्षा तेवढाच जास्त लांब, आणि मूळ बोल्टच्या ग्रेडचाच हवा. टॉर्क कंपनीच्या मॅन्युअलचा धरा. ब्रेसचे स्वतःचे साधे ८.८ ग्रेडचे बोल्ट असतील तर कोरड्या आट्यांवर एम८ ला (८ मिमी जाडीच्या बोल्टला) साधारण २५ आणि एम१० ला ४५ ते ५० न्यूटन-मीटर पुरतात. शेवटी अलाइनमेंट करून घ्यायचीच.

या कामात सर्वांत जास्त डोकं पावडर कोटिंगने खाल्लं. ब्रॅकेटवर रंगाचा जाड, चकचकीत थर होता. तो बोल्टच्या डोक्याखाली दाबाने हळूहळू पसरतो, थर पातळ होतो आणि बोल्टचा ताण जातो. ५०० किलोमीटरनंतर रेंच लावला तर पुढचे दोन बोल्ट एक-अष्टमांश फेरा फिरले, वॉशरखाली रंगाची सुरकुतलेली कडी दिसत होती. खड्ड्यावरची बारीक 'टक' तिथूनच येत होती. उपाय सोपा: बोल्टचं डोकं आणि बॉडी जिथे टेकते तेवढाच गोल रंग खरवडून उघडा करायचा, आवळायचा आणि बाहेरून मेणाचा स्प्रे मारायचा. त्यानंतर दोनदा तपासलं, बोल्ट जागचे हलले नाहीत.

मधला ब्रेस का उतरवला? पाइप एक्झॉस्टपासून बोटभर लांब होता. उभ्या गाडीत ते पुरेसं वाटतं. पण एक्झॉस्ट रबरावर टांगलेला असतो आणि इंजिनाच्या झटक्याने पुढे-मागे जातो. दुसऱ्या गिअरमध्ये जोरात पाय दिला की घर्रर्र. वॉशर टाकून ब्रेस खाली घेतला तर आवाज गेला, पण गाडीत चौघे असले की सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर घासू लागला. जमीन आणि एक्झॉस्ट यांच्यामध्ये तेवढी जागाच नाही.

फरक किती, हे सीटवर बसून सांगणं फसवं. पैसे मोजल्यावर सगळंच घट्ट वाटतं. त्यापेक्षा मागच्या दाराच्या कुलपाच्या कडीला ग्रीसचा पातळ हात फिरवा आणि नेहमीच्या खराब रस्त्यावर दहा किलोमीटर जाऊन या. कुलूप कडीवर किती घासलं ते ग्रीसमध्ये उमटतं. बूटमधला बार नसताना घासल्याचा पट्टा रुंद, बार असताना स्पष्ट अरुंद, आणि दाराच्या रबराची करकर जवळपास गेली. तिरप्या रॅम्पवर एक चाक आधी चढतं तेव्हा हे लगेच कळतं. पुढच्या ब्रेसने स्टीअरिंग वळवल्यावरचा पहिला क्षण नेमका झाला आणि ताम्हिणीत एका वळणातून उलट्या वळणात जाताना गाडी कमी रेंगाळते.

बॉडी रोल मात्र तसूभर कमी झालेला नाही. तो अँटिरोल बारचा (डावं-उजवं सस्पेन्शन जोडणाऱ्या दांड्याचा) आणि स्प्रिंगचा विषय आहे, दुकानदार दोन्ही एकाच दमात विकतात तरी. ग्रिपही वाढत नाही. टायर कडक झाले असतील किंवा कंट्रोल आर्मचे मागचे बुश (सांध्यातले रबर) फाटले असतील तर आधी ते बदला. फाटक्या बुशवर ब्रेस लावला की खडखड आणखी ठळक ऐकू येते, एवढंच.

बूटच्या बारमुळे मोठी बॅग आडवी बसत नाही आणि सीट दुमडून सपाट जागा मिळत नाही. बार दोन बोल्टांत निघतो, पण दर सुट्टीला तो काढणार कोण? विमा कंपनीला बदल लेखी कळवून ठेवा.

पावसाळ्यानंतर खालचा ब्रेस काढून बघितला. पाइपच्या टोकाला पाणी जायचं भोक रंगाने बुजलं होतं, आत चमचाभर तांबूस पाणी. ते ३ मिमीच्या ड्रिलने मोकळं केलं आणि आत मेण सोडलं. कोकणात किंवा गोव्यात गाडी राहत असेल तर हे बसवण्याच्या दिवशीच करा.